दोन बोटं माया

माप घेताना मी आकडा मोठ्यानं सांगत नाही.
पूर्वी सांगायचे. छाती इतकी, कंबर इतकी,
आणि पोरगी वहीत उतरवून घ्यायची.
मग एकदा बाकावरच्या दोघीजणी
तिसरीच्या आकड्यावर हसल्या,
आणि ती तिसरी कापड तसंच पिशवीत कोंबून
उन्हात चालती झाली.
चोपड्याचं ऊन, तेही मे महिन्यातलं.
तेव्हापासून आकडा माझ्या तोंडात
टाचण्यांसोबत राहतो.

शिवण शिकायला बसले तेव्हा
पहिला शब्द हाती आला तो माया.
शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं जादा कापड.
बाई भरली की उसवायचं,
आटली की आत घ्यायचं,
नवं कापड लागत नाही.
शिकवणारी म्हणायची, मायेत कंजुषी केलीस
तर गिऱ्हाईक परत येईल,
पण रडत येईल.

कोकिळाबाईंचा दंड साडेसोळा इंच.
कोपराखाली खापराचे जुने चटके.
लग्नसराईत त्यांना पार जळगावाहून बोलावणं येतं.
पुरणाचा उंडा त्या हातावर घेतात
आणि तो कोपरापर्यंत पसरत जातो, झुलतो,
पलीकडचा विस्तव दिसावा इतका पातळ,
फाटत मात्र नाही.
मी एकदा म्हटलं, बाही लांब करू? दंड झाकला जाईल.
त्यांनी असं पाहिलं, जसं काही
मी चुलीवर खापर सुलटंच ठेवलंय.
"कसाले झाकू वो माय? ह्याच हातवर मांडा उतरस."
वर बाही इंचभर आखूडच करून घेतली.
उकडतं म्हणाल्या.

फिरक्यांच्या हर्षालीचं लग्न आखाजीनंतरचं.
माप दिलं आणि महिन्याभरात पुन्हा दारात:
काकू, दोन इंच कमी धरा, तोवर मी उतरते.
सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी,
रात्री मोबाइलवरून मागवलेली कसलीशी भुकटी.
घरात भरताची वांगी काट्यांवर भाजली जात
तेव्हा ही वास चुकवायला गच्चीवर.
तिसऱ्या खेपेला टेप गुंडाळता गुंडाळता
ती माझ्या खांद्यावरच कलंडली.
हात गार. मी शटर अर्धं ओढलं.
डब्यात कळण्याची भाकरी होती,
तेलात कालवलेली दाण्याची चटणी.
अर्धी खाल्ली. मग उरलेली अर्धी.
मग खाली बघत म्हणाली, अजून आहे?
मी उपदेश केला नाही. मला कुठे येतो.

मलाही पोट आहे.
दोन बाळंतपणांचं, बत्तीस वर्षं मशीनपुढे वाकल्याचं.
साखर निघाली तेव्हा मीही आठवडाभर
नुसतं उकडलेलं गिळलं,
आणि आठव्या दिवशी शेवभाजीच्या पातेल्यात उतरले.
आता तिन्हीसांजेला दुकान झाकून
केळीच्या बागांकडे चालत जाते,
पाटाला पाणी असेल तर पाय सोडून बसते.
गुडघा म्हणेल तिथवर.
काल पुलापर्यंत गेले, आज नाही.
साखर जराशी खाली आलीय, पोट आहे तिथंच आहे.
आमचं दोघांचं बरं चाललंय.

हर्षालीचा ब्लाउज मी पहिल्याच मापानं बेतला,
तिला न सांगता. वर दोन बोटं माया.
काल आली. गाल जरा वर आलेले.
"काकू, दंडात काचतोय. उसवता येईल?"
आवाजात लाज होती की नव्हती,
मला नीट कळलं नाही.
मी ब्लाउज उलटा केला,
पहिला टाका दातानं तोडला.
आत दुमडलेल्या कापडाचा रंग
अजून नवाच होता.